अंगात त्राण नाही आणि समोर कामांचा ढीग: पावसाळ्यात सुरुवात कुठून करायची?

खाडीकाठ | ६ जुलै, सकाळी ७:५०

मिरग होऊन महिना झाला. लावणीची धांदल, भिंतींना ओल, दुपारी बारालाही काळोखी. या दिवसांत कोकणात घरोघरी एकच बोलणं कानावर येतं, "काही करावंसंच वाटत नाही." आजारी म्हणावं तर अंगात ताप नाही, आळशी म्हणावं तर माणूस मुळातला कष्टाळू. ओट्यावर भांडी, पडवीत ओले कपडे, भरायचं राहिलेलं वीजबिल, म्हाताऱ्यांच्या संपत आलेल्या गोळ्या, आणि या सगळ्याकडे बघत माणूस खाटेच्या कडेला बसून राहतो.

"उठ, कामाला लाग" हे सगळेच सांगतात. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. उठण्याइतकंही बळ नसतं तेव्हा पहिली कृती कोणती? ती किती लहान असावी, कोणत्या वेळी करावी? सुविचार नकोत. नेमकं लिहा: काय करायचं, किती मिनिटं, कुठे चुकतं आणि का.

तिरफळ | ६ जुलै, सकाळी ९:१५

गाठ इथे बसते की आपण उत्साहाची वाट बघतो. खचलेल्या माणसात उत्साह आधी येत नाही. थोडं काम झाल्यावर येतो, तोही उशिरा आणि चिमूटभर. काम टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, म्हणून टाळायची सवय लागते. टाळलेलं काम वाढतं, त्याच्याकडे बघून आणखी गळाठायला होतं.

मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७०च्या दशकात नैराश्याकडे या बाजूने बघायला सुरुवात केली. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी तपासून दाखवलं, की विचार बदलण्याचा भाग बाजूला ठेवून नुसत्या कृती वाढवण्यावर भर दिला तरी गुण विचार आणि कृती दोन्हींवर काम करणाऱ्या पूर्ण मानसोपचाराइतकाच येतो. हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शेजारी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून हाच प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीव्र नैराश्य असलेले सुमारे ५०० लोक त्यात होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या आणि लोकांना रोजच्या लहान कृतींकडे वळवलं. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे मिळालेल्या लोकांना तीन महिन्यांनी स्पष्टपणे जास्त बरं होतं.

आता कृतीचं माप. जिचा शेवट डोळ्यांना दिसतो तीच कृती निवडा. "ओटा आवरणे" याला शेवट नाही. "तीन कपबश्या विसळून पालथ्या घालणे" याला आहे. कामाचं नाव मनाशी उच्चारून बघा. "नको वाटतंय, पण होईल" असं उत्तर आलं तर माप बरोबर. "शक्यच नाही" आलं तर निम्मं करा, पुन्हा तेच आलं तर पुन्हा निम्मं. तीन कपांचा एक कप झाला तरी चालेल. वेळ लावायची तर पाच मिनिटं.

पहिला आठवडाभर पाच मिनिटं झाली की थांबायचंच, आणखी करावंसं वाटलं तरी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. एखादा दिवस बरा उजाडतो, माणूस महिन्याभराचं काम एका दमात काढतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मग मनाची खात्री पटते की काम केलं की त्रास होतो.

आबोली_वेंगुर्ला | ६ जुलै, सकाळी १०:०२

"एक कप" वाचूनच खांद्यावरचं ओझं उतरलं. धागा वाचनखुणेत ठेवला.

रातांबा | ६ जुलै, सकाळी ११:३०

तिरफळ, सगळं पटलं, पण त्याआधी एक पायरी हवी. त्राण नसण्याचं कारण मनातच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडच्या बायकांमध्ये पहिला संशय रक्तावर घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. जिना चढताना धाप, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी, केस गळणं, आणि "कामाचा कंटाळा" हे सगळं त्याच एका कारणाने असू शकतं.

हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, रक्तातली साखर, आणि मासे-अंडी न खाणाऱ्यांनी बी-१२. दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल तर एवढ्या तपासण्या करून घ्या.

लोहाच्या गोळ्या दिल्या तर लोक दहा दिवसांत सोडतात, कारण शौच काळी होते आणि पोट धरतं. काळी होणं हे त्या गोळीमुळेच, घाबरू नका. पोट धरत असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा गोळी बदलून घ्या, बंद करू नका. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, त्यातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्याने शोषण वाढतं. नेमका आपला चहा जेवणानंतर लगेच असतो, तो तासभर पुढे ढकला. हीही लहानच कृती आहे.

सडयावयलो | ६ जुलै, दुपारी १२:१०

रातांब्यान सांगितला ता खरा. पण लावणीच्या दिवसांत आणखी एक लक्षात ठेवा. ताप, पोटऱ्यो फुटतत अशी दुखणी आणि डोळे लाल, असा झाला तर "दमलंय" म्हणान घराक निजान रवा नको. लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुताच्या पाण्यातसून होणारो ताप, असू शकता. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावा.

रातांबा | ६ जुलै, दुपारी १२:२५

अगदी बरोबर. आणि डेंग्यू होऊन गेल्यावर कित्येक आठवडे अशक्तपणा राहतो. त्या माणसाला "आता ताप उतरला ना, ऊठ" म्हणणं अन्यायाचं आहे.

कातळफूल | ६ जुलै, दुपारी ३:४०

तिरफळ यांच्या पद्धतीला एक मोठा अपवाद आहे, तो ठळकपणे लिहायला हवा. काही दीर्घ आजारांत, विशेषतः विषाणूच्या तापानंतर लांबलेल्या थकव्यात, श्रमानंतर त्रास वाढतो आणि तो लगेच वाढत नाही. आज अंगण झाडलं की उद्या किंवा परवा अंग मोडून येतं, डोकं जड होतं, झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. अशा माणसाला "थोडं थोडं वाढवत जा" सांगणं घातक आहे.

ओळखायचं कसं? आठवडाभर दोन नोंदी ठेवा, आज काय केलं आणि ४८ तासांनी कसं आहे. हालचालीनंतर त्याच दिवशी किंचित बरं वाटत असेल तर तिरफळ यांची वाट धरा. दोन दिवसांनी कोसळायला होत असेल तर वाट उलटी: झेपेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करायचं, दमण्याआधी विश्रांती घ्यायची, उभ्याची कामं बसून करायची, भाजी निवडण्यासारखी कामं दोन खेपांत वाटायची. आणि डॉक्टरांना "श्रमानंतर दोन दिवसांनी वाढतं" हे याच शब्दांत सांगायचं. नुसतं "थकवा" म्हटलं की टॉनिक हाती पडतं.

तिरफळ | ६ जुलै, दुपारी ४:०५

मान्य, आणि आभार. माझ्या उत्तरात हे यायला हवं होतं. नोंदीवरून आठवलं. भिंतीवर कालनिर्णय असतंच, त्याच्या रोजच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे लिहा: काम करण्याआधी अंगातली ताकद दहापैकी किती, झाल्यावर किती. खचलेलं मन आधीच सांगून टाकतं की काही उपयोग होणार नाही. आठ दिवसांत चौकोनात २-३, २-४, ३-३, २-४ असं दिसायला लागलं की मनाचं ते भाकीत किती खरं होतं हे कागदच सांगतो. आकडे अजिबात हलत नसतील तर काम चुकीचं निवडलंय किंवा शरीरात काही आहे, तिथून रातांबा यांच्या यादीकडे जा.

झावळी | ६ जुलै, रात्री ८:२०

मला यातलं शास्त्र माहीत नाही, घरकाम माहीत आहे. म्हणून पडवीतल्या ओल्या कपड्यांबद्दल लिहिते. जुलैत घराला घरपण जातं ते या ढिगामुळे.

ढीग का होतो बघा. चार दिवस पाऊस हटत नाही म्हणून कपडे साठवले जातात. पाचव्या दिवशी उघाड दिसली की पंचवीस-तीस कपडे एकदम धुतले जातात. दांडीवर जागा नसते म्हणून एकावर एक पडतात. आतले सुकत नाहीत, दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, तो वास आला की पुन्हा धुवायचे. म्हणजे काम दुप्पट आणि दांडी भरलेलीच. घरातल्या बाईला सकाळी दार उघडल्यावर पहिलं दर्शन याचं होतं.

उपाय उघाडीची वाट न बघण्यात आहे. रोज आठ कपडे, जास्त नाहीत. आतले कपडे, मुलांचा गणवेश आणि अंगावरचा एक जोड, बस. पिळल्यावर जोरात झटकायचे, सुरकुती गेली की पाणी लवकर सुटतं. शर्ट आणि कुर्ते हँगरला, दोन हँगरमध्ये चार बोटांचं अंतर. विजारीचे खिसे बाहेर काढायचे, कमरपट्टा वर. पंखा वरून नको, उभा पंखा जमिनीजवळून तिरका लावा, कारण ओल खालच्या काठाला उतरून बसते. आणि खोली बंद करून पंखा लावू नका. कपड्यांतली वाफ खोलीतच कोंडते, आरशावर धुकं येतं, कपडे तसेच. एक खिडकी चार बोटं उघडी हवी. जीन्स, चादरी आणि सोलापुरी चादर हे जुलैत धुवायचे कपडेच नाहीत, पाऊस थोडा उतरू द्या.

आठ कपडे झटकून टांगायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर त्या दिवशी दुसरं काही झालं नाही तरी दांडी मोकळी दिसते.

आबोली_वेंगुर्ला | ६ जुलै, रात्री ८:४५

झावळीताई, वास आधीच लागलेल्या कपड्यांचं काय करायचं?

झावळी | ६ जुलै, रात्री ९:००

बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवा, मग साध्या पाण्यातून काढा. ब्लीचबरोबर मात्र कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. साबण जास्त घातल्यानेही वास राहतो, तो धाग्यात अडकतो आणि ओल धरून ठेवतो.

गलबत | ७ जुलै, सकाळी ६:५५

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही. "दिवसभरात कधीतरी करीन" असं ठरवलेलं काम होत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली सोपी युक्ती आहे, "अमुक झालं की तमुक" असं आधीच बांधून ठेवायचं. सकाळचा चहा संपला की तीच कपबशी लगेच विसळायची. देवापुढे दिवा लागला की उद्याचे कपडे काढून ठेवायचे.

कोकणात ही खुंटी, म्हणजे ज्याला काम बांधायचं ते "अमुक", निवडताना चूक होते. "पाऊस थांबला की" ही खुंटी नव्हे, जुलैत तो कधी थांबेल याचा नेम नाही. "लाइट आली की" हीसुद्धा नव्हे. "सकाळची एसटी गेली की" चांगली, पण रविवारी किंवा घाटात दरड आली की तीही हुकते. खुंटी घरातली हवी, रोजची हवी, आणि मोबाइलशी संबंध नसलेली हवी, कारण मोबाइल हातात घेतला की माणूस तिथेच अडकतो.

एका आठवड्यात एकच खुंटी. सोमवारी पाच ठरवल्या की गुरुवारी एकही उरत नाही.

खाडीकाठ | ७ जुलै, सकाळी ७:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. "दोन मिनिटांत होणारं काम तिथल्या तिथे करून टाका" असं सगळीकडे सांगतात. ते इथे लागू होतं का?

तिरफळ | ७ जुलै, सकाळी ८:१०

ज्याच्या अंगात जोर आहे त्याला होतं. खचलेल्या माणसाला ते बुडवतं. घरात दोन-दोन मिनिटांची कामं शेकडो असतात. एक करायला उठलं की वाटेत दुसरं दिसतं, त्याच्या शेजारी तिसरं, आणि तासाभराने माणूस पाच अर्धवट कामांच्या मधोमध उभा असतो. त्यापेक्षा कागदावर आजचं एक काम लिहून बाकीची दिसली तरी जाणूनबुजून तशीच राहू द्यायची.

पाटाचं_पाणी | ७ जुलै, सकाळी १०:४०

डोक्यात फिरणाऱ्या कामांबद्दल. होमस्टे चालवणाऱ्या घरांत हे फार दिसतं. पाहुण्यांची नोंदणी, गळकं छप्पर, पाण्याचा पंप, मुंबईकरांचे गणपतीच्या गाड्यांचे फोन, सगळं एकाच वेळी डोक्यात. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं यावर मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये लिहिलं होतं. पण २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांना असं आढळलं की काम पुरं व्हायची गरज नसते. ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं तरी ते डोक्यात टोचायचं थांबतं.

एक पाठकोरा कागद घ्या, पंधरा मिनिटं डोक्यातलं सगळं क्रम न लावता उतरवा. मग प्रत्येकासमोर तीनपैकी एक शब्द: "आज", "आठवड्यात", "गणपतीनंतर". "आज" समोर एकच काम. "गणपतीनंतर" हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो, समोरच्यालाही तो सांगता येतो आणि कुणी वाईट मानत नाही. पंचायतीच्या दाखल्यासारखं ज्याला तारीख आहे ते मात्र तिथे टाकू नका. "आठवड्यात" असलेल्या कामासमोर वार आणि पहिली हालचाल लिहा. "छप्पर" असं नको. "बुधवारी सकाळी सुताराला फोन" असं लिहा.

माजघर | ७ जुलै, दुपारी १:१५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, आणि ते कुणाला बोचलं तरी म्हणते. या धाग्यात सगळी जबाबदारी थकलेल्या माणसावरच येतेय. एका सुनेवर सासूसासऱ्यांचं पथ्यपाणी, गोठा, दोन मुलं, बागेतली माणसं, आणि तिला सांगायचं की एक कप विसळ? तिची ताकद कमी नाहीये, ओझं जास्त आहे. लहान कृतींनी ओझं कमी होत नाही.

एक दिवस घरातल्या सगळ्यांनी मिळून कामांचे तास मोजा. कोण किती वाजता उठतं, कुणाच्या वाट्याला काय. मग काम द्यायचं ते अख्खं द्यायचं. "मला जरा मदत करा" म्हटलं की करणारा दर वेळी विचारायला येतो आणि आठवण ठेवायचं काम बाईकडेच राहतं. "सासऱ्यांच्या गोळ्या" अख्ख्या नवऱ्याकडे, म्हणजे संपत आल्यात हे बघणं, चिठ्ठी सांभाळणं, आणणं आणि रविवारी डबीच्या खणांत भरणं. एखाद वेळी चुकेल. तरी परत हातात घ्यायचं नाही.

तिरफळ | ७ जुलै, दुपारी १:५०

माजघर, यावर वाद नाही. गोव्यातल्या त्या प्रयोगातही समुपदेशक फक्त कृती देत नव्हते, घरातल्या अडचणी सोडवायलाही मदत करत होते. ज्याच्यावर ओझंच जास्त आहे त्याची पहिली लहान कृती म्हणजे एक काम दुसऱ्याच्या नावावर करणं.

सडयावयलो | ७ जुलै, दुपारी २:३०

आणि जेवणाचा कोण बोलणारच नाय? उपाशी माणसाक कसली ताकद येतली!

कातळफूल | ७ जुलै, दुपारी ३:००

मीही तेच लिहिणार होते. चहा-बिस्किटावर दिवस काढला की चार वाजता गळून जायला होणारच. स्वयंपाक झेपत नसेल त्या दिवसासाठी कुळथाची पिठी, दहा मिनिटांत होते. तीन चमचे कुळीथ पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होतात, मग चिडचिड. तेलात चार पाकळ्या ठेचलेला लसूण, मिरची, चिमूटभर हिंग-हळद, दीड वाटी पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहा, दोन आमसुलं, मीठ, पाच मिनिटं मंद आच. कुळथात प्रथिनं चांगली असतात, भाताबरोबर पोटभर जेवण होतं. भाकरी, कोशिंबीर, पापड असं ताट सजवायच्या नादात जेवणच राहून जातं, त्या दिवशी एवढंच पुरे.

सडयावयलो | ७ जुलै, दुपारी ३:२०

आणि सकाळक पेज. एक वाटी उकडे तांदूळ, आठ वाट्ये पाणी. तांदूळ अर्धो तास भिजत घाला म्हणजे लवकर शिजतत. शीत फुटाक व्हया, पण दिसाक पण व्हया. मीठ शेवटाक. गरम गरम पिया, थंड झाल्यार दाट होता. वांगडा भाजलेलो सुको बांगडो नायतर उकडलेला अंडा, नायतर दोन तासांत परत भूक लागतली.

रातांबा | ७ जुलै, दुपारी ३:३५

रक्तदाब असलेल्यांनी खारा बांगडा टाळावा, अंडं बरं.

गलबत | ७ जुलै, संध्याकाळी ६:१०

झोप आणि उजेड राहिले. घरात ट्यूबलाइटखाली साधारण १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो. अगदी काळोखी दाटली नसेल तर ढगाळ सकाळीही बाहेर हजारावर असतो. शरीराचं घड्याळ सकाळच्या या उजेडावर चालतं. म्हणून उठल्यावर तासाभरात पडवीच्या अगदी कडेला किंवा खळ्यात छत्री घेऊन पंधरा-वीस मिनिटं. माजघरातली खिडकी त्याला पुरत नाही, कौलारू घराची वळचण खोल असते. चहा तिथेच प्या, म्हणजे वेगळी कृती आठवावी लागत नाही.

दुपारी झोपायचं तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं, घड्याळ लावून. पावसाच्या आवाजात दोन तास कधी जातात कळत नाही, मग उठल्यावर डोकं जड आणि रात्री एकपर्यंत टक्क जाग. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात.

आबोली_वेंगुर्ला | ८ जुलै, सकाळी ९:३०

गणपतीच्या साफसफाईचं कुणी सांगेल का? आत्तापासून छातीवर दडपण आलंय, सगळी भावकी आमच्याकडे उतरते.

झावळी | ८ जुलै, सकाळी १०:१५

माळ्यापासून सुरुवात करू नका. सगळे तिथेच करतात. जुन्या पेट्या खाली येतात, प्रत्येक वस्तूवर "ठेवायचं की टाकायचं" ठरवावं लागतं, आणि ठरवण्यानेच माणूस सगळ्यात जास्त दमतो. माळा शिमग्यानंतर, ऊन असताना. पाहुणे माळ्यावर जात नाहीत.

एकवीस दिवस धरा, रोज वीस मिनिटं, रोज एकच चौकट: एक खिडकी, एक कपाटाचा कप्पा, एका भिंतीची जळमटं. खोलीत काम वरून खाली: वासे-रिपांची जळमटं, मग भिंत, मग खिडकी, शेवटी जमीन. उलट केलं तर पुसलेल्या जमिनीवर कौलांची धूळ पडते आणि ते बघून रडू येतं. शिडीचं काम वेगळ्या कागदावर लिहा आणि खाली धरायला माणूस असेल तेव्हाच करा, चक्कर येण्याचा त्रास असेल तर मुळीच नको. ज्या कोपऱ्यात मखर किंवा माटवी येते तो कोपरा शेवटच्या तीन दिवसांत, आधी केला तर पुन्हा ओल चढते. समया आणि पितळी भांडी बसल्या बसल्या घासायची, चिंच आणि मीठ लावून. मुलांना हे काम आवडतं, अख्खं त्यांनाच द्या.

पडाव | ८ जुलै, दुपारी १२:००

घरातलं माणूस असं गळून बसलं असेल तर बाकीच्यांनी काय करावं? "आळस झालाय" म्हणून घरात भांडणं होतात.

कातळफूल | ८ जुलै, दुपारी १२:४०

शेजारी बसा. "चल, आपण दोघं मिळून शेंगा निवडू" म्हणा आणि खरंच निवडायला बसा. सल्ला देत उभं राहिलं की समोरचा आणखी आक्रसतो. प्रश्न विचारायचा तर दोनच पर्याय द्या: "पेज की चहा?" "काय खाशील?" हा प्रश्नसुद्धा त्या अवस्थेत डोंगराएवढा असतो. झालेल्या कामाची नोंद मोठ्याने घ्या, "कपडे टांगलेस, बरं झालं", एवढंच. "आता भांडीपण कर" असं त्याला जोडलं की पहिलं वाक्य वाया गेलं.

रातांबा | ८ जुलै, दुपारी १:०५

आणि एक गोष्ट कुणी पुढे ढकलू नका. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर लहान कृतींच्या जोडीला डॉक्टर हवाच. आपल्याकडे मनोरुग्णालय रत्नागिरीत असल्याने "रत्नागिरीला नेलं" हे लोक शिवीसारखं वापरतात आणि त्या भीतीने माणसं शेवटपर्यंत थांबतात. बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही, बाह्यरुग्ण विभागात दाखवून औषधं घेऊन घरी येता येतं. तेही जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

"मी नसलेलीच बरी" असं कुणी बोललं तर ते बोलणं हलक्यात घेऊ नका. सरळ विचारा, "जिवाचं काही करावंसं वाटतंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या दिवशी एकटं सोडू नका. आणि आंब्याच्या फवारणीची औषधं आजच्या आज घरातून हलवा. पडवीच्या फळीवर ती उघडी ठेवायची आपली वाईट पद्धत आहे, कुलपात ठेवा किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या.

माजघर | ८ जुलै, दुपारी १:३०

रातांबा, हे लिहिलंत म्हणून तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. फवारणीच्या औषधांचं प्रत्येक बागायतदाराने वाचायला हवं.

खाडीकाठ | ९ जुलै, सकाळी ६:४०

तीन दिवसांत इतकं मिळालं. मूळ प्रश्नाकडे येते. जाग आली आहे, अंथरुणातून उठवत नाही, छतावर पाऊस वाजतोय. पहिली कृती कोणती? तिरफळ, एकच सांगा.

तिरफळ | ९ जुलै, सकाळी ७:१५

पाय जमिनीला टेकवणे. उभं राहायचं नाही. कुशीवर वळा, गुडघे कडेबाहेर सोडा, हाताने रेटून बसते व्हा. तळवे गार शहाबादीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर टेकवून दहा श्वास. रात्रीच उशाशी तांब्याभर पाणी ठेवलेलं असावं, त्यातलं अर्धं प्यायचं. पुन्हा आडवं व्हावंसं वाटलं तर व्हा, पण पाणी पिऊन झाल्यावर. चक्कर येत असेल तर दोन मिनिटं तसेच बसा, मग भिंत धरून उभ्या राहा.

गलबत | ९ जुलै, सकाळी ७:२२

आणि तिथून थेट पडवीच्या कडेला.

झावळी | ९ जुलै, सकाळी ७:४०

तांब्यावर फुलपात्र पालथं घाला. पावसात रात्री किडे फार पडतात.